नोकरी एकीची, व्हिसा चौघांचा



मावळ तालुक्यातील भाजे गावातून एका शिक्षिका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्या रोज मळवली स्टेशनवरून लोकलने लोणावळ्याला जातात आणि तिथल्या एका शाळेत आठवी ते दहावीला गणित व विज्ञान शिकवतात. बी.एड. आहेत, आठ वर्षांचा अनुभव आहे. पतीचे कार्ला फाट्यावर दुचाकी दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत. शारजातील एका शाळेने त्यांना महिना साडेचार हजार दिरहमची नोकरी देऊ केली आहे. मध्यस्थ म्हणतो, "दीड लाख रुपये भरा, चौघेही व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर व्हिसा बदलून घेऊ." भगिनी विचारतात, "असे जावे का? नसेल तर कोणता व्हिसा घ्यावा? सगळ्यांनी एकदम जावे का?"

पत्र एका घरचे असले तरी प्रश्न आता अनेक घरांचा आहे. आपल्या समाजातून आखाती देशांत जाणे नवे नाही. पण पूर्वी घरातला पुरुष ड्रायव्हर, वेल्डर किंवा सेल्समन म्हणून जाई आणि बायको-मुले मागे राहत किंवा काही वर्षांनी जात. आज मुली शिकल्या, बी.एड. झाल्या आणि नोकरीचे पत्र बाईच्या नावाने येऊ लागले. कुटुंबाचा व्हिसा बाईच्या नोकरीवर उभा राहतो, तेव्हा हिशेब वेगळा होतो. म्हणून उत्तर खासगी न पाठवता या पानावर देत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: पगाराचा आकडा पाहून देश निवडू नका. त्या देशाचा कागद नवऱ्याला काय देतो, मुलांना काय देतो आणि नोकरी गेली तर चौघांचे काय होते, हे पाहून निवडा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. व्हिजिट व्हिसावर शिकवायला जाऊ नये. तो व्हिसा फिरायला किंवा नातेवाइकांना भेटायला असतो. त्यावर वर्गात उभे राहणे म्हणजे परवानगीशिवाय काम करणे. संयुक्त अरब अमिरातीने २०२४ मध्ये कायदा कडक करून, विनापरवाना माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड ठेवला आहे. असे काम करताना पगार थकला तर दाद मागायलाही पाय लटपटतात, कारण आपली बाजूच कच्ची असते. आणि व्हिजिटची मुदत संपून कामाचा परवाना आला नाही, तर एकाचा नव्हे, चौघांचा दंड रोज वाढत जातो.

दीड लाखांबद्दलही सांगायला हवे. भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. एजंट नोंदलेला आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येते. शिवाय अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो. तो कामगाराकडून वसूल करता येत नाही आणि कामगाराचा पासपोर्टही मालकाला ठेवून घेता येत नाही. मग हे दीड लाख नेमके कशाचे? हा प्रश्न मध्यस्थाला लेखी विचारावा. उत्तर लेखी आले नाही, तर तेच उत्तर समजावे. त्यासाठी दागिने गहाण ठेवणे किंवा व्याजाने पैसे काढणे तर मुळीच करू नये.

आता सरळ मार्ग पाहू. अमिरातीत शाळेने आधी शिक्षिकेचा कामाचा परवाना काढायचा असतो. त्यावर नोकरीचा प्रवेश परवाना मिळतो. तिथे पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी आणि मग निवासाचा व्हिसा होतो, तो सहसा दोन वर्षांचा. खासगी शाळेत शिकवायला तिथल्या शिक्षण खात्याची मंजुरीही लागते. दुबईत हे काम केएचडीए पाहते, अबूधाबीत एडेक. त्यासाठी शिक्के मारलेली पदवी आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात.

शिक्षिकेचा निवास व्हिसा झाला की मग कुटुंबाची पाळी. अमिरातीने २०१९ मध्ये नियम सैल केला. कुटुंबाला बोलावण्यासाठी व्यवसाय पाहणे बंद झाले आणि महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम व राहायची जागा, एवढी उत्पन्नाची अट राहिली. मुलगा २५ वर्षांपर्यंत आणि अविवाहित मुलगी कितीही वयाची असली तरी तिला सोबत ठेवता येते. या हिशेबाने साडेचार हजारांत बसते असे वाटेल. पण बाई स्वतः नवऱ्याला आणि मुलांना बोलावते, तेव्हा कचेऱ्यांची रीत जास्त कडक राहिली आहे. शिक्षिका, डॉक्टर, परिचारिका अशा व्यवसायांतील स्त्रियांना मुभा होती, पण पगार दहा हजारांच्या आसपास मागितला जात असे. मुलांना आईच्या व्हिसावर ठेवायला वडिलांचे नोटरी केलेले संमतिपत्रही लागते. म्हणून भाजेच्या भगिनींनी शाळेला एकच प्रश्न लेखी विचारावा: "या पगारावर माझ्या पतीचा आणि दोन मुलांचा फॅमिली व्हिसा शारजात होईल का, आणि यापूर्वी तुमच्या किती शिक्षिकांचा झाला आहे?" अशी उदाहरणे असतील तर शाळेला उत्तर द्यायला वेळ लागत नाही.

नवऱ्याला बायकोच्या व्हिसावर तिथे नुसते बसून राहावे लागत नाही. २०१९ पासून अशा पुरुषांनाही काम करता येते, मात्र त्यांच्या मालकाने वेगळा कामाचा परवाना काढला पाहिजे. स्वतःचे दुकान उघडणे ही निराळी गोष्ट आहे. त्याला व्यवसाय परवाना लागतो. म्हणजे कार्ला फाट्याचे दुकान बंद करून गेल्यावर पहिले काही महिने घर एकाच पगारावर चालेल, असे धरून चालावे.

आणि तो पगार चौघांना पुरेल का? आखातात सरकारी शाळा आपल्या मुलांसाठी जवळजवळ नसल्यासारख्याच. सीबीएसईच्या भारतीय शाळेत फी भरावी लागते, वर बसचा खर्च. काही शाळा शिक्षकांच्या मुलांना फीत सवलत देतात, काही एकाच मुलाला देतात, काही कुणालाच देत नाहीत. घरभाड्याचे तसेच. साडेचार हजारांतून भाडे आणि दोन मुलांची फी वजा करून काय उरते, हे कागदावर मांडून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

सौदी अरेबियाचाही विचार अनेक घरांत होतो. तिथे परदेशी कामगाराच्या प्रत्येक आश्रितावर महिना ४०० रियाल शुल्क आहे. २०१७ मध्ये ते १०० रियालपासून सुरू झाले आणि २०२० पर्यंत ४०० वर गेले. नवरा किंवा बायको आणि दोन मुले धरली तर महिना १,२००, वर्षाला १४,४०० रियाल नुसते सोबत राहण्याचे. तिथल्या भारतीय शाळांतील बऱ्याच शिक्षिका नवऱ्याच्या इकाम्यावर राहून शिकवतात. ज्या घरात नवऱ्याची नोकरी आधीच सौदीत आहे, त्या घराला ही वाट सोयीची. भाजेच्या घराला ती उलटी पडेल.

आता इंग्लंड. हे नाव ऐकून अनेक जण "ते आपल्याला कुठले" म्हणतात. पण गणित-विज्ञानाच्या शिक्षकांसाठी तिथे दार उघडले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह आणखी काही देशांतील शिक्षकांना इंग्लंडमधील क्यूटीएस, म्हणजे पात्र शिक्षकाचा दर्जा, भारतात बसून मागता येतो. भारतीयांसाठी विषय ठरलेले आहेत: गणित, विज्ञान आणि परदेशी भाषा, तेही ११ ते १६ वयोगटाला शिकवण्याची पात्रता असली तर. पदवी, शिक्षणशास्त्राची पदवी, किमान एक वर्षाचा अनुभव आणि इंग्रजीची तयारी दाखवावी लागते. अर्जाला फी नाही. भाजेच्या भगिनी या चौकटीत बसतात असे दिसते.

मात्र क्यूटीएस म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसासाठी तिथल्या एखाद्या शाळेने नोकरी देऊन स्किल्ड वर्कर व्हिसासाठी स्पॉन्सर व्हावे लागते. कोणत्या शाळांना ती परवानगी आहे, त्याची यादी ब्रिटिश सरकार जाहीर ठेवते. "स्पॉन्सरशिप विकत देतो" म्हणणारा कुणी भेटला तर तिथेच सलाम करून उठावे. ती विकायची वस्तू नाही. या व्हिसावर पती किंवा पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले सोबत जाऊ शकतात. जोडीदाराला जवळजवळ कोणतेही काम करण्याची मोकळीक असते, त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. मुलांना सरकारी शाळेत फी नाही. दुचाकी दुरुस्तीचे हुन्नर हातात असलेल्या माणसाला ही मोठीच गोष्ट आहे.

मग अडचण कुठे? सुरुवातीच्या खर्चात. व्हिसाच्या फीखेरीज आरोग्य सेवेचा अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड आहे, आणि तो व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा आधीच भरावा लागतो. दोन मोठे व दोन मुले मिळून वर्षाचे ३,६२२ पौंड, तीन वर्षांचे १०,८६६ पौंड. आपल्या पैशांत बारा लाखांच्या वर. मुलाखतीत विचारावे की यातले काय शाळा देते. काही शाळा शिक्षिकेचा भार उचलतात, कुटुंबाचा क्वचितच. म्हणून अनेक कुटुंबे आधी शिक्षकाला पाठवतात आणि पैसे साठल्यावर बाकीच्यांचा अर्ज करतात. तसे करायला हरकत नाही. फक्त मुलांचे वय १८ च्या आत हवे.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाचे थोडक्यात. अमेरिकेत शिक्षकांसाठी जे-१ हा देवाणघेवाणीचा व्हिसा आहे. किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, मुदत तीन वर्षे, पुढे दोनपर्यंत वाढू शकते. कुटुंब जे-२ वर जाते, मुले सरकारी शाळेत शिकतात आणि जोडीदाराला कामाची परवानगी मागता येते. पण हा परत येण्याचा मार्ग आहे, स्थायिक होण्याचा नाही, हे ठाऊक असू द्या. एच-१बी व्हिसावर सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांसाठी एक लाख डॉलरचे शुल्क लावले गेल्याने ती वाट शाळांना फार जड झाली आहे. ऑस्ट्रेलियात एआयटीएसएल ही संस्था शिक्षकांची पात्रता तपासते. चार वर्षांचे उच्च शिक्षण, वर्गातील सरावाचे किमान ४५ दिवस आणि आयईएलटीएसमध्ये वाचन-लेखनाला ७, बोलणे-ऐकण्याला ८ गुण लागतात. बी.एड.च्या सराव पाठांचा दाखला कॉलेजातून आजच काढून ठेवावा. वीस वर्षांनी तो शोधणे कठीण जाते.

देश कोणताही निवडा, निम्मी लढाई घरच्या कागदांची आहे. आणि इथे आपली घरे हमखास अडकतात.

पहिली अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पदवीवर शेवटी, आधारवर वडिलांचे नाव, पासपोर्टवर नवऱ्याचे, निकाहनाम्यावर नावापुढे "बी" किंवा "बानो". परदेशी कारकुनाला या पाच वेगळ्या बायका वाटतात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा ठेवण्याची सवयही महागात पडते. एकाच नावाचा पासपोर्ट असलेल्यांना अमिरातीने २०२२ मध्ये व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली. म्हणून सगळ्यात आधी एका कागदावर प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग लिहून सर्व दाखले त्याच्याशी ताडून पाहावेत. फरक असेल तिथे राजपत्रातील नोंद किंवा दुरुस्ती करून घ्यावी.

दुसरी अडचण लग्नाच्या दाखल्याची. उर्दूतला निकाहनामा आपल्यासाठी पुरेसा आहे, पण व्हिसा कचेरीला सरकारी नोंदणीचा दाखला लागतो. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे. गावात ही नोंदणी ग्रामपंचायतीत होते. निकाह होऊन दहा-बारा वर्षे झाली असली तरी उशिराची नोंदणी करता येते. निकाहनामा, काझींची माहिती, साक्षीदार आणि फोटो घेऊन जावे. भाजेच्या भगिनींसाठी हे काम गावातल्या गावात होण्यासारखे आहे.

तिसरी अडचण मुलांच्या जन्मदाखल्याची. काहींच्या दाखल्यावर मुलाचे नावच नसते, नुसते "मुलगा" किंवा "मुलगी". जन्माची नोंद झाल्यापासून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येते. आई-वडिलांची नावे पासपोर्टप्रमाणे आहेत ना, हेही तिथेच पाहून घ्यावे.

मग शिक्के. पदवीचा मूळ दाखला, म्हणजे पदवीदानाचे प्रमाणपत्र हवे. तात्पुरता दाखला चालत नाही. बऱ्याच जणी पदवीदानाचा अर्जच करत नाहीत. पुणे विद्यापीठाचा दाखला यायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात तिथून करावी. त्यानंतर राज्य शासनाचा शिक्का आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा. ज्या देशांनी अपोस्टिलचा करार मान्य केला आहे, त्यांना तेवढ्यावर भागते. भारत २००५ पासून त्यात आहे. सौदी डिसेंबर २०२२ पासून. ओमान आणि बहारीनही आहेत. अमिरातीसाठी मात्र पुढे त्यांच्या दूतावासाचा शिक्का आणि तिथे गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का लागतो. पदवी, विवाह दाखला आणि दोन जन्मदाखले असे कमीत कमी चार कागद या रांगेतून जातात. चारित्र्य दाखल्याचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर करता येतो आणि चौकशी आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यातून होते. हा दाखला लवकर काढून ठेवू नये, कारण तो ताजा असावा लागतो.

आता शेवटचा प्रश्न: सगळ्यांनी एकदम जावे का? एकट्या बाईने आधी जावे की नाही, हे घरातल्या थोरांनी, दोघा पती-पत्नींनी मशवरा करून ठरवायचे आहे. आम्ही कागदाच्या बाजूने काय सुरक्षित ते सांगतो. अमिरातीत चाचणीचा काळ सहा महिन्यांपर्यंत असू शकतो आणि त्या काळात मालक चौदा दिवसांच्या नोटिशीवर नोकरी संपवू शकतो. नोकरी संपली की तिच्यावर उभे असलेले सगळे व्हिसा डळमळतात. थोडी सवलतीची मुदत मिळते, एवढेच. म्हणून नोकरी पक्की होईपर्यंत दुकान चालू ठेवणे आणि मुलांचे शाळेचे वर्ष न तोडणे बरे. मग तिथल्या भारतीय शाळांचे वर्ष सुरू होण्याच्या सुमारास, फॅमिली व्हिसा काढून सर्वांनी जावे. चौघांना एकत्रच जायचे असेल, तर शाळेने फॅमिली व्हिसाची जबाबदारी करारात लिहून द्यावी आणि परतीच्या तिकिटांएवढे पैसे इथल्या खात्यात वेगळे राहू द्यावेत.

मुलीच्या बाबतीत एक विचार जरूर करावा. सातवीतून सीबीएसईत जाणे जमते. नववी-दहावीत बोर्ड बदलणे मुलांना फार जड जाते. जायचेच असेल तर या वर्षी-दोन वर्षांत, नाहीतर तिची दहावी झाल्यावर.

आणि इथल्या नोकरीचा राजीनामा पासपोर्टवर कामाचा व्हिसा येईपर्यंत देऊ नये. शाळा अनुदानित असेल तर बिनपगारी रजा मिळते का, हे संस्थेला विचारावे. एकदा कायम नोकरी सोडली की परतताना पुन्हा टीईटी, टेट आणि पवित्र पोर्टलच्या रांगेत उभे राहावे लागते.

होकार देण्यापूर्वी शाळेकडून या सहा प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत:

१. कामाचा व्हिसा इथे असतानाच मिळणार का, आणि त्याचा खर्च कुणाचा?
२. फॅमिली व्हिसा केव्हा, कुणाच्या खर्चाने?
३. राहायची जागा मिळणार की भाडे, आणि किती?
४. किती मुलांच्या फीत सवलत, आणि किती टक्के?
५. चाचणीचा काळ किती, आणि उन्हाळी सुटीचा पगार मिळतो का?
६. करार संपल्यावर चौघांचे परतीचे तिकीट कोण देणार?

भगिनी, आपल्या पत्रातील नोकरीला आम्ही वाईट म्हणत नाही. ज्या वाटेने ती आणली जात आहे, ती वाट वाईट आहे. मध्यस्थाला बाजूला ठेवून शाळेशी थेट बोला. उत्तरे नीट आली तर शारजाचा विचार करा. ती येण्याची वाट पाहताना इंग्लंडच्या क्यूटीएसचा अर्जही भरून ठेवा. त्याला पैसे पडत नाहीत. आणि ग्रामपंचायतीत विवाहाची नोंद या आठवड्यातच करून घ्या, ती कोणत्याही देशाला लागणारच आहे. नियम आणि शुल्क बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा खात्री करा.

शिकवणे हे हलाल आणि इज्जतीचे काम आहे, मळवलीजवळ केले काय किंवा समुद्रापार केले काय. ते चोरपावलांनी जाऊन करावे लागू नये. अल्लाह आपल्या घराला सोप्या आणि सरळ मार्गाने नेवो.